पहिला डीएसएलआर: निकॉन डी३५०० विद्यार्थ्यासाठी कितपत योग्य?

छायाचित्रणाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यासाठी कॅमेरा निवडायचा म्हटला की चर्चा हमखास मेगापिक्सेलपासून सुरू होते, आणि या निवडीत सर्वांत गौण बाब नेमकी तीच आहे. निकॉनचा डी३५०० घ्या किंवा कॅननचा १५००डी. २०१८ साली आलेल्या या दोन्ही डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या, कॅमेऱ्यांत सुमारे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘पूर्ण फ्रेम’हून लहान सेन्सर) आहे आणि अभ्यासक्रमातील कामाला, अगदी भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रिंटलाही, तो पुरून उरतो. अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र), शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) हे तीन घटक स्वतःच्या हाताने बदलताना कॅमेरा आपल्याला किती साथ देतो आणि किती आड येतो, हे विद्यार्थ्याने आधी पाहावे. मी डी३५०० बराच काळ वापरला आहे आणि नवशिक्यांच्या हातीही दिला आहे, त्यामुळे त्याचे मूल्यमापन याच कसोटीवर करतो.

बॅटरी आणि कार्ड धरून या कॅमेऱ्याचे वजन ४१५ ग्रॅम भरते, आणि पकड खोल असल्यामुळे एका हातातही तो घट्ट बसतो. हा गुण वाटतो त्याहून मोठा आहे, कारण जड कॅमेरा पहिल्या महिन्यानंतर कपाटात विसावतो. एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १५५० छायाचित्रे निघतात. १५००डीच्या बाबतीत हाच आकडा ५०० आहे. प्रत्येक छायाचित्रानंतर पडदा न्याहाळत बसणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा कमीच मिळतील, तरीही दिवसभराच्या भटकंतीत दुसरी बॅटरी जवळ बाळगण्याची गरज मला भासली नाही. मोड डायलवरच्या ‘गाइड’ या सोयीचे मात्र मला फारसे कौतुक नाही. पहिल्या आठवड्यात ती धीर देते, पण पुढे तिच्यावर विसंबणारा विद्यार्थी ‘पार्श्वभूमी धूसर करा’ हा पर्याय निवडायला शिकतो आणि त्यामागे अ‍ॅपर्चर किती उघडले हे पाहायचे विसरतो.

या कॅमेऱ्याची खरी उणीव एका डायलची आहे. मॅन्युअल मोडमध्ये अंगठ्याखालचे चाक फिरवले की शटर स्पीड बदलतो. अ‍ॅपर्चर बदलायचे असेल तर शटरच्या कळीशेजारचे एक बटण दाबून धरून तेच चाक फिरवावे लागते. सवयीच्या हाताला हे क्षणाचे काम आहे, परंतु शिकणाऱ्याच्या मनात अ‍ॅपर्चर आणि शटर यांचे नाते अजून पक्के झालेले नसते. एका बोटाने प्रकाशाचा झरोका लहान करायचा आणि दुसऱ्याने तो तितकाच जास्त वेळ उघडा ठेवायचा, ही देवाणघेवाण दोन डायलांवर बोटांनाच कळते. एका डायलवर ती दर वेळी आठवावी लागते. शिवाय क्षेत्रखोली, म्हणजे चित्रात पुढे-मागे किती भाग स्पष्ट येईल ते, आधी पाहण्याचे बटण येथे नाही आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दिसतो, त्यामुळे काठावर नको असलेली फांदी किंवा कोणाचे तरी कोपर छायाचित्र काढल्यावरच नजरेस पडते. रचना शिकण्याच्या काळात हे त्रासदायक आहे. १५००डीमध्येही चाक एकच आहे आणि चौकटही सुमारे तितकीच दिसते, म्हणून यातून सुटका तिकडे नाही.

लेन्सबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स उन्हात स्वच्छ काम करते, पण ५५ मिमीवर तिचे अ‍ॅपर्चर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ ही क्रॉप सेन्सरसाठी बनवलेली प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स त्या तुलनेत नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते, आणि या सेन्सरवर तिचा दृश्यकोन पूर्ण फ्रेमवरच्या साधारण ५२ मिमी लेन्सइतका येतो. झूम नसल्यामुळे चौकट बदलण्यासाठी पाय हलवावे लागतात, आणि अ‍ॅपर्चरने चित्रात काय बदलते ते पहिल्यांदा ठळकपणे दिसते. हाताशी पैसे बेताचे असतील तर वरच्या श्रेणीची बॉडी आणि किट लेन्स घेण्यापेक्षा डी३५०० आणि ही प्राइम लेन्स घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. खरेदी करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. डी३५००च्या बॉडीत ऑटोफोकसची मोटर नाही, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८डी सारख्या जुन्या, स्वस्त लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत याची खात्री करावी. एका विक्रेत्याने मला ‘सगळ्या लेन्स चालतात’ असे ठामपणे सांगितले होते, आणि ‘चालतात’ या शब्दात किती गोष्टी मावतात हे घरी आल्यावर कळले.

१५००डी विचारात असेल तर त्याची हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश बसवण्याची खाच, एकदा पाहून घ्यावी. नेहमीचा मधला संपर्कबिंदू तीवर नाही, म्हणून कोणत्याही कॅमेऱ्यावर चालणारे साधे स्टुडिओ ट्रिगर (दूरचे फ्लॅश पेटवणारी उपकरणे) त्यावर चालत नाहीत. अभ्यासक्रमात स्टुडिओ प्रकाशयोजना येतेच, आणि तेव्हा ही काटकसर महागात पडते. डी३५००ची हॉट शू पूर्ण आहे. चलचित्रण मात्र त्याचे क्षेत्र नव्हे: बाहेरचा मायक्रोफोन जोडता येत नाही, पडदा वळत नाही आणि लाइव्ह व्ह्यूमधला, म्हणजे पडद्यावर पाहून चित्रण करतानाचा, फोकस मंद आहे.

निकॉन आणि कॅनन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यामुळे आज हा शोध बहुतेकदा वापरलेल्या कॅमेऱ्यांपाशीच येऊन थांबतो, आणि तेथे २०१५ सालचा डी७२०० समोर येतो. त्याला दोन डायल आहेत, व्ह्यूफाइंडरमध्ये संपूर्ण चौकट दिसते, क्षेत्रखोली आधी पाहता येते आणि बॉडीत मोटर असल्याने जुन्या लेन्सही स्वतः फोकस करतात. बॅटरी आणि कार्डासह ७६५ ग्रॅम हे वजन त्याच्या विरोधात जाते. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा निश्चय असलेल्याने, खांद्याला ते पेलत असेल तर, चांगल्या स्थितीतला डी७२०० शोधावा. छंद टिकेल की नाही याची शंका असलेल्यासाठी डी३५०० हीच माझी शिफारस आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा, विचारावा. डी७२००चे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले आहे, हा आकडा तुलनेला हाताशी असू द्यावा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून मोठे करून पाहिले की सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. लेन्समधून टॉर्च धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते पाहावे. शेवटी मॅन्युअल मोड लावून डायल एकेक खाच सावकाश फिरवावेत: आकडे मध्येच उडी मारत असतील किंवा उलटे सरकत असतील, तर शटर काउंट कितीही कमी असला तरी तो कॅमेरा विक्रेत्याच्या हाती परत द्यावा.