नवीन लॅपटॉपवर पायथन चालेना, रत्नागिरीतल्या या दुकानात सुटलं
जुन्या लॅपटॉपमधला प्रोजेक्ट पेनड्राइव्हने जसाच्या तसा नवीनमध्ये टाकला आणि पायथन (ज्या प्रोग्रामिंग भाषेत तो लिहिलाय ती) चालेचना, कमांड टाकली की विंडोजचं ॲप स्टोअरच उघडायचं. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी मारुती मंदिरजवळच्या दुकानात गेले, तिथल्या दादांनी पायथन पाथमध्ये (कमांड टाकली की विंडोज जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) टाकायचं टिक करून नीट इन्स्टॉल केलं, मग समजावलं की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजेस (तयार कोडचे संच) ठेवायचा फोल्डर कॉपी करून उपयोग नाही, त्यात जुन्या मशीनवरच्याच फोल्डरांचे पत्ते लिहिलेले असतात, तो उडवून नवा करायचा. जुन्यावर पिप फ्रीझ ही कमांड मारून पॅकेजची यादी काढली आणि त्यावरून इथे सगळं परत बसवलं. मध्येच पावसाने लाईट गेली, वायफाय बंद, तर त्यांनी स्वतःचा हॉटस्पॉट दिला हो! प्रत्येक कमांड मलाच टाईप करायला लावली, हे फार आवडलं. पार्किंगची मात्र बोंब आहे.