ई४६ एम३: ८,००० आरपीएमचं सुख आणि त्याची किंमत

बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजची वेगवान आवृत्ती म्हणजे एम३; तिची ई४६ नावाची पिढी २००० ते २००६ या काळात बनली. म्हणजे आता मिळेल ती गाडी वीस वर्षांच्या आगेमागेची, तीन-चार हातांतून गेलेली. अशा गाडीचं परीक्षण नव्या गाडीसारखं करून चालत नाही. ती कशी पळते हे अर्धंच उत्तर झालं. पळवल्यानंतर ती काय मागते, हे उरलेलं अर्धं. आणि या गाडीत दोन्ही उत्तरं एकाच जागी सापडतात: बॉनेटखालच्या एस५४ इंजिनात.

३,२४६ सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, टर्बो नाही. ३४३ पीएस ताकद ७,९०० आरपीएमला, ३६५ न्यूटन-मीटर टॉर्क ४,९०० ला, आणि लाल रेघ ८,००० वर. लिटरमागे शंभराहून जास्त पीएस, तेही ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमधून. पिस्टनचा स्ट्रोक ९१ मिमी आहे. तेवढ्या लांब स्ट्रोकवर ८,००० फेरे मारायचे तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जातो. घरच्या साध्या पेट्रोल गाडीत तो अठरा-एकोणीसच्या घरात असतो. पुढे ज्या दुखण्यांबद्दल लिहिलंय, त्यातली निम्मी या एका आकड्यातून निघतात.

चालवताना पहिली जाणवते ती पॅडलची तत्परता. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणारी झडप, आहे, त्यामुळे पाय हलला की इंजिन हललं. मधे हवा भरून निघायची वाट पाहणं नाही. ३,००० च्या खाली गाडी शहाण्यासारखी चालते. ४,००० पासून ओढ लागते, ६,००० नंतर आवाजाला धातूची किनार चढते. ही किनार सगळ्यांना आवडत नाही. काहींना ती पत्र्याच्या डब्यासारखी वाटते, आणि स्वस्तातला आफ्टरमार्केट सायलेन्सर लावला की खरोखरच तशी होते. मूळ सायलेन्सर बदलू नये, हे आमचं मत. कन्सोलवरचं स्पोर्ट बटण ताकद वाढवत नाही, फक्त पॅडलचा नकाशा तिखट करतं. रहदारीत ते बंद ठेवलेलंच बरं, नाहीतर पहिल्या गिअरला गाडी हिसके देते.

दुसरा गिअर ८,००० पर्यंत ताणला तर ताशी शंभरच्या थोडं पुढे, तिसरा १६० च्या पुढे. म्हणजे रस्त्यावर या इंजिनाचा वरचा मजला फार तर दीड गिअरभर भेटतो. सहाव्यात ताशी १०० ला इंजिन साधारण २,४०० वर फिरतं; लांबच्या प्रवासात कान किटतात ते रुंद टायरच्या घरघरीने, इंजिनाने नव्हे. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं घालावं. मायलेज मिश्र वापरात लिटरला आठ किलोमीटरच्या आसपास, शहरात सहावर समाधान मानायचं. टाकी ६३ लिटरची आहे, तेव्हा पंपाशी ओळख वाढते.

हाताळणी समतोल आहे. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा, १०० टक्क्यांपर्यंत लॉक होऊ शकणारा एम डिफरेन्शियल आहे. दोन चाकांच्या फिरण्यात फरक पडला की त्यातलं सिलिकॉनचं द्रव दाब तयार करतं आणि लॉक घट्ट होतो. ओल्या वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगरत नाही, गाडी पुढे सरकते. स्टीअरिंग मात्र जरा सुन्न आहे. वळतं अचूक, पण रस्त्याची बातमी कमी देतं. पुढची चाकं धरणाऱ्या कंट्रोल आर्मचे रबरी बुश थकले असतील तर हा सुन्नपणा दुप्पट होतो, आणि बरेच लोक तो गाडीचा स्वभाव समजून चालवत राहतात.

ब्रेक ही सगळ्यात कच्ची बाजू. पुढे ३२५ मिमीची डिस्क आहे, पण तिला पकडायला एकाच पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा चिमटा. रोजच्या वापराला पुरतो. घाटात उतरताना किंवा ट्रॅकवर सलग चार-पाच दणक्यांनंतर पॅडल लांब जायला लागतं. त्यासाठी लगेच मोठं किट घ्यायची गरज नाही. आधी ब्रेक ऑइल ताजं करा, जास्त तापमान सोसणारे पॅड घाला. बहुतेकांना तेवढ्यावर भागतं.

आता रोजची शिस्त. टॅकोमीटरच्या कडेने छोटे दिवे आहेत. इंजिन थंड असताना ते बऱ्याच खालपासून पेटलेले असतात आणि ऑइल तापेल तसे एकेक विझत वर सरकतात. कुणी हौसेने लावलेली ती रोषणाई नव्हे; पेटलेल्या दिव्यांच्या पट्ट्यात काटा नेऊ नये, हे ती सांगते. इंजिनात १०डब्ल्यू-६० ऑइल लागतं. थंड असताना ते दाट असतं आणि बेअरिंगच्या अरुंद फटींत सावकाश पोचतं. कूलंटचा काटा पाच-सात मिनिटांत मधे येतो, ऑइलला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून पाहायचा तो ऑइलचा काटा. तो ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत ३,००० ते ३,५०० च्या वर जाऊ नये. जागेवर उभी ठेवून तापवणंही चूक. सुरू करावी, अर्ध्या मिनिटात निघावं, हलक्या पायाने चालवावी. रोज तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणार असाल तर ही गाडी घेऊ नका. ऑइल कधी तापणारच नाही आणि आत पाणी-पेट्रोल साचत राहील.

ऑइल साडेपाच लिटर बसतं. कारखान्याचा सर्व्हिस इंडिकेटर बराच लांबचा मुक्काम सांगतो; तो विसरा आणि १०-१२ हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदला. हे इंजिन ऑइल पितं, आणि थोडं प्यायलं तर ते आजारी नसतं. डिपस्टिक दर दुसऱ्या टाकीला पाहावी. ऑइल किमान रेघेवर असताना जोरात वळण घेतलं की पंपाला हवा मिळण्याचा धोका असतो, आणि तिथून पुढची गोष्ट पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची.

सुरुवातीच्या काही वर्षांतल्या गाड्यांची ही बेअरिंग इतकी गाजली की कंपनीनेच ती बदलून देण्याची मोहीम काढली होती. त्या मोहिमेत गाडी गेली होती का, हे चेसिस क्रमांकावरून विचारता येतं. गेली असली तरी त्याला दोन दशकं होऊन गेली, म्हणून त्या कागदावर झोपू नये. सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास ही बेअरिंग झीज होणारा भाग समजूनच बदलावीत. पुढची सबफ्रेम (इंजिनाखालचा आधाराचा सांगाडा) उतरवायची, इंजिन वरून आडव्या बारला टांगायचं, ऑइल पॅन काढायचा, बाराही शेल (बेअरिंगच्या अर्ध्या कड्या) नवे घालायचे. रॉडचे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. निघालेले शेल फेकू नका. क्रमाने मांडून पाहा: करडा थर समान घासलेला असेल तर वेळेत आलात; तांबूस धातू दिसला तर उशीर होत होता. मधल्या काळात ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला आणि त्यात शिसं-तांबं वाढताना दिसलं, तर तीच सूचना. खालून ठक-ठक ऐकू येईपर्यंत थांबलात तर क्रँकही गेलेला असतो.

व्हॅनोस, म्हणजे कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, दुसरं मोठं प्रकरण. ती ऑइलच्या उच्च दाबावर चालते आणि तो दाब देणारा पंप फिरतो एक्झॉस्ट कॅमच्या हबवरच्या दोन कानांनी. हे कान पंपाच्या चकतीच्या भोकांत बसतात. भोकं जरा सैल असतात, त्यामुळे इंजिन सुरू-बंद होताना कान भोकाच्या कडेवर आपटतात. लाखभर किलोमीटर आपटून एखादा तुटतो आणि टायमिंग चेनच्या खोलीत पडतो. तुकडा चेनमध्ये अडकला नाही तर नशीब. आधीची लक्षणं: गार इंजिनाची पुढच्या बाजूने खुळखुळ, डळमळीत आयडल (गाडी उभी असतानाचं इंजिनाचं फिरणं), आणि ३,००० ते ५,००० च्या दरम्यान गाडी बसल्यासारखी वाटणं. उपाय पक्का आहे. नवा मजबूत हब, घट्ट बसणाऱ्या भोकांची चकती, सोलेनॉइडची सीलं. आणि कॅमकडचे बोल्ट. ते आपोआप ढिले होतात, म्हणून काम उघडलं असताना सोडू नयेत.

हे काम टॅपेट सेटिंगबरोबर करावं, कारण व्हॉल्व्ह कव्हर दोन्हींसाठी निघतं. एस५४ ला व्हॉल्व्हचं अंतर आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. सुमारे ५० हजार किलोमीटरला २४ व्हॉल्व्हचं अंतर फिलर गेजने मोजावं लागतं: इनटेक ०.१८ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३३. इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो रात्रभर उभं. क्रँक फिरण्याच्या दिशेनेच फिरवायचा. जागा चुकून पुढे गेलात तर फिरून पूर्ण चक्कर घ्या, उलटा नको. अंतर बाहेर असेल तिथे क्लिप काढून रॉकर शाफ्टवर बाजूला सरकवायचा, चुंबकाने शिम (अंतर ठरवणारी छोटी चकती) उचलायचा, मायक्रोमीटरने मोजून योग्य जाडीचा बसवायचा. सुरू करण्याआधी चेनच्या बाजूची पोकळी कापडाने बुजवा. शिम नखाएवढा असतो आणि क्लिप उडते. चांगल्या हातालाही यात अर्धा दिवस जातो. कुणी दोन तासांत केलं म्हणत असेल तर त्याने बहुधा मोजलंच नाही.

तिसरं दुखणं इंजिनाचं नाही, पत्र्याचं. मागची चाकं आणि डिफरेन्शियल धरणारी सबफ्रेम डिकीखालच्या पातळ तळाला चार ठिकाणी बोल्टने बसते. पाय दाबला-सोडला की तिथला पत्रा एकदा पुढे, एकदा मागे ओढला जातो. वर्षानुवर्षं हे चाललं की स्पॉट वेल्ड सुटतात आणि माउंटिंगच्या भोवती तडे जातात. गिअर बदलताना मागून येणारी ‘टक्’ ही एकमेव खूण मानू नये. ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा रबरी कपलिंग किंवा ट्रेलिंग आर्मचे बुश थकले तरी असाच आवाज येतो. डिकीतली चटई आणि मागची सीट काढून वरून पाहा, मग गाडी उचलून खालून पाहा. पण खरं चित्र सबफ्रेम खाली घेतल्यावरच दिसतं. कंपनीने काही गाड्यांत पोकळीत फोम भरला होता. तो तडा लपवतो, आणि नंतर वेल्डिंग करताना पेट घेतो. नीट दुरुस्ती म्हणजे तड्याच्या टोकाला भोक पाडणं, तडा भरून वेल्ड करणं, खालून चारही ठिकाणी जाड प्लेट आणि वरून चेसिसला जोडणारा आधार. नुसती खालची प्लेट लावली तर ताण जवळच्या पत्र्यात सरकतो. तडे नसलेल्या गाडीलाही प्लेट लावून घेणं शहाणपणाचं. आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून ठेवा. ती डिकीतच असते.

कूलिंगमध्ये प्लॅस्टिकचे भाग जुने झाले की फुटतात: एक्स्पान्शन टँक शिवणीवर, रेडिएटर नळीच्या तोंडाशी. टँक, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि वरच्या-खालच्या नळ्या एकदमच बदला. एकेक बदलत बसलात तर कूलंट पाच वेळा सांडाल. भरताना हीटर पूर्ण गरमवर, पंखा मंद, ब्लीड स्क्रू उघडा, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहायचं.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. सहा गिअरचा मॅन्युअल थंड असताना पहिल्यातून दुसऱ्यात जरा अडतो, ते नॉर्मल. त्याचं आणि डिफरेन्शियलचं ऑइल ‘आजन्म’ म्हटलेलं असलं तरी बदला. दुसरा पर्याय एसएमजी दोन: तोच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर हायड्रॉलिक पंपाने चालवलेला. पूर्ण जोरात मजा येते, हळू चालवताना गाडी पेंगुळल्यासारखी डुलते. पंपाची मोटर किंवा रिले गेला की गाडी जागीच थांबते. दाब टिकवायला पंप वारंवार चालू होत असेल तर दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर आधी पाहा, पंपाला लगेच दोष देऊ नका. आमची पसंती मॅन्युअललाच.

रोजच्या सोयीच्या बाबतीत गाडी आश्चर्यकारक समंजस आहे. मागे दोन माणसं खरोखर बसतात, डिकी मोठी आहे, काचेतून चहूबाजूंचं दिसतं. १८ इंची चाकांवर राइड सुसह्य. १९ इंची देखणी, पण खड्ड्यात रिम वाकते. मागचे २५५ चे टायर पुढच्या २२५ च्या आधी संपतात, त्यामुळे आलटून-पालटून लावताही येत नाहीत. छताचं कापड लोंबणं, ड्रायव्हरच्या सीटची कड झिजणं, खिडकीचा रेग्युलेटर तुटणं या किरकोळ गोष्टी.

घ्यायला जाताना वेळ सकाळची ठरवा आणि विकणाऱ्याला सांगा की गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण व्हॅनोसची खुळखुळ, क्लचची थरथर आणि डगमगतं आयडल पहिल्या दोन मिनिटांतच ऐकू येतं. मग ऑइल तापेपर्यंत चालवा, काटा मधे आल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून एकदा पूर्ण दाबून पाहा. मधे कुठे ती श्वास रोखल्यासारखी थबकली, तर भाव करण्याआधी व्हॅनोस उघडून पाहायला सांगा.