सिंगापूर ते मेलाका बस: म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

जूनच्या सुट्टीत आई-बाबा सांगलीहून आले होते, त्यांना मलेशियातलं मेलाका दाखवायचं ठरवलं आणि एका बस कंपनीची शनिवारी सकाळी साडेसातची बस बुक केली. तिकिटावर डायरेक्ट मेलाका, चार तास असं होतं. आम्ही पोचलो संध्याकाळी पाचला आणि तेही या बसने नाही. बस चांगली आहे, सीट रुंद, एसी व्यवस्थित, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. माझं सगळं म्हणणं बॉर्डरवर जे झालं त्याबद्दल आहे.

ज्यांनी हा प्रवास केला नाहीये त्यांच्यासाठी सांगते, वुडलँड्सला सिंगापूरच्या बाजूला बसमधून उतरायचं, वर जाऊन इमिग्रेशन करायचं, खाली येऊन परत बसमध्ये बसायचं, मग कॉजवे, म्हणजे सिंगापूर आणि मलेशिया जोडणारा समुद्रावरचा रस्ता, जो जेमतेम एक किलोमीटरचा आहे पण आम्हाला त्यावरच पाऊण तास लागला, आणि पलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला (जेबी) परत उतरायचं, ह्या वेळी सगळं सामान घेऊन. कारवाल्यांना मार्च 2024 पासून वुडलँड्सला गाडीत बसूनच क्यूआर कोड दाखवून जाता येतं, बसवाल्यांना मात्र जिने आणि रांगा चुकत नाहीत. सुट्टीतला शनिवार, गर्दी असणारच, तेवढी तयारी ठेवून आम्ही निघालो होतो. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाचा व्हिसा लागत नाही पण डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरावं लागतं, ते मी चौघांचं दोन दिवस आधीच भरून ठेवलेलं.

जेबीला उतरताना ड्रायव्हर म्हणाला वीस मिनिटं. रांगच तासाभराची होती! शेवटी आमचा नंबर आला, बाबा झाले, मी आणि नवरा झालो आणि आईची बोटं मशीन घेईना. दोन्ही हातांची बोटं काचेवर ठेवायची असतात, तिने पाच-सहा वेळा ठेवली, पदराला पुसून ठेवली, काउंटरवरच्या बाईंनी काच पुसली, स्वतः तिचं बोट धरून दाबून बघितलं, मशीन लालच. आई माझ्याकडे बघून म्हणाली, अगं चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, रेषाच राहिल्या नाहीत गं बोटांना. त्या बाई एकदाही चिडल्या नाहीत, त्यांनी वरिष्ठांना बोलावलं आणि दहा-बारा मिनिटांत शिक्का मारून दिला. मला फार भरून आलं तेव्हा.

खाली आलो तर बस नाही. आईचे गुडघे दुखतात हे चढताना मी ड्रायव्हरला सांगितलं होतं, चौघेजण कमी आहेत हे सीट मोजल्या असत्या तर कळलं असतं. बाबांची कापडी पिशवी सीटजवळच राहिलेली, त्यात बीपीच्या गोळ्या. कंपनीच्या नंबरवर अकरा फोन केले, एकही उचलला नाही. त्यांची पुढची बस पावणेदोन तासांनी आली, त्यात दोनच सीट, ड्रायव्हर म्हणे दोघं बसा, बाकीचे नंतर या. सत्तरीच्या माणसांना परदेशात असं तोडून कसं पाठवणार?

शेवटी दुसऱ्याच एका बसचे तमिळ काका ड्रायव्हर होते, त्यांनी आईला जिन्यावर बसलेली बघितलं, तिला पाणी दिलं आणि आम्हाला जेबीतल्याच लार्किन बस स्टँडला जाणारी लोकल बस दाखवली. लार्किन स्टँडवरून मेलाकाच्या भरपूर गाड्या असतात, लगेच मिळाली. गोळ्या मेलाकात विकत घेतल्या, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये होता म्हणून जमलं.

कंपनीला मेल केला, उत्तर आलं की बस ठराविक वेळच थांबेल असं तिकिटाच्या अटींमध्ये आहे. आहे खरं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. मग बुकिंग करताना वय विचारता ना, तेव्हाच ठळक सांगा की उशीर झाला तर सोडून जाऊ. मी पैसे परत मागितलेत, पिशवी पण मागितलीये, अजून दोन्ही नाही.

जाणारच असाल तर उतरताना बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढा, सीटवर काहीही ठेवू नका, थोडे रिंगिट (मलेशियाचे पैसे) सुट्टे जवळ ठेवा आणि आई-बाबांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते बघा, नाहीतर परत येताना अडकाल. आम्ही येताना लार्किनहून टॅक्सीने जेबी सेंट्रल रेल्वे स्टेशनला गेलो आणि तिथून वुडलँड्सला जाणारी शटल तेब्राऊ ट्रेन घेतली, कॉजवे पाच मिनिटांत पार, आईला खिडकीची सीट मिळाली. सिंगापूरहून जाताना तर ह्या ट्रेनला दोन्ही देशांचं इमिग्रेशन वुडलँड्सलाच होतं, मधे उतरायची भानगड नाही. फक्त शनिवार-रविवारची तिकिटं फार लवकर संपतात, तेवढं आधी बघा.