अखुनी पोर्क एक नंबर, पण जाण्याआधी थोडं वाचून जा

पुण्यात विमाननगरच्या मागच्या गल्लीतलं हे छोटंसं नागा-मणिपुरी जेवणाचं ठिकाण, जेवणाला पाचपैकी पाच, बिनधास्त जा. अखुनी घातलेलं स्मोक्ड पोर्क मागवा, सोबत साधा भात आणि उकडलेली पालेभाजी येते. अखुनी म्हणजे सोयाबीन उकडून, पानात गुंडाळून चुलीजवळ ठेवतात आणि आंबू देतात, वास उग्र असतो हे खरंय, पण ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुकट भाजली जाते त्यांनी तरी नाक मुरडू नये. दोन घासांत वास डोक्यातून जातो आणि धुराची चव मागे राहते. राजा मिरचीची चटणी बोटाच्या टोकावर घेऊन बघा, चमचाभर अजिबात नको. एरोम्बा पण मस्त, बटाटा, भाज्या, मिरची आणि आंबवलेले मासे एकत्र कुस्करलेले.

आता दुसरं. शेजारच्या टेबलवर ऑफिसमधला ग्रुप होता, गळ्यात आयकार्ड वगैरे. ऑर्डर घ्यायला आलेल्या ताईंना पहिला प्रश्न, तुम्ही चायनाच्या का, मग नेपाळ का, मग नागालँड कळल्यावर तिकडे कुत्रं खातात ना. त्या पेन वहीवर तसंच धरून म्हणाल्या, "दीमापूर, सर. भात किती प्लेट?" आवाजात काही फरक नाही, म्हणजे हे रोजचंच असणार. त्यातला एकजण म्हणे, अरे माहिती नसतं म्हणून विचारतो, त्यात काय वाईट.

माहिती नसणं हा काही गुन्हा नाही हो, पण आपल्याला शिकवायचं काम त्या ताईंचं कसं काय? त्या ड्युटीवर आहेत, उलट बोलल्या तर गिऱ्हाईक जाणार आणि वर रिव्ह्यूत लिहिणार की स्टाफ उद्धट आहे. कुठली डिश तिखट आहे हे शोधायला आपण अर्धा तास फोनवर घालवतो, मग त्याच फोनवर नकाशा उघडून दीमापूर कुठे आहे ते बघायला काय जातं.

आणि हे नुसतं मन दुखावण्यापुरतं राहत नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून चेष्टा केली, वाद झाला, मारहाण झाली आणि तो पोरगा गेला. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली, तिने बाकी शिफारशींबरोबर ईशान्येचा इतिहास शाळा-कॉलेजात शिकवा असंही सांगितलं. आपली शाळा तर कधीच संपली, म्हणजे आता आपलं आपणच वाचायचं. पुणे काही वेगळं नाही, ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा आणि हल्ल्यांच्या भीतीने तिकडची कितीतरी मुलं इथून गाड्या धरून घरी गेली होती. २०२० ला कोरोना आला तर देशभर रस्त्यात त्यांना "कोरोना" म्हणून हाका मारल्या. आणि भाड्याने घर देताना "नॉर्थ-ईस्टवाले नको" हे तर अजूनही सर्रास चालतं.

वाचायला लागलं की काय काय सापडतं. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी जे लढले त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन होती. आपली माणसं तिथे लढली आणि आपण इथे तिकडच्या मुलींना चायनाच्या का विचारतो, मला याचा खरंच राग येतो. आपल्या टेबलवरचा मित्र असलं काही बोलला तर त्याला तिथेच थांबवा, "सोड ना, चेष्टा करतोय तो" म्हणून सोडून देऊ नका, कारण ताई बोलू शकत नाहीत, आपण बोलू शकतो.

बाकी सर्व्हिस जरा स्लो आहे, सगळं ताजं करतात म्हणून, भूक लागायच्या आधी पोचा. टेबलं कमी, शनिवार-रविवार रात्री थांबावं लागतं, गाडी मेन रोडलाच लावा. गोडात चाक-हाओची खीर आहे, मणिपूरचा काळा तांदूळ, २०२० मध्ये त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, शिजल्यावर जांभळा रंग येतो. लवकर संपते, त्यामुळे ऑर्डर देतानाच एक वाटी बाजूला ठेवायला सांगा.