म्हापशाचा शुक्रवार की हडफड्याची शनिवारची रात्र? माझं मत

पुण्याहून माझी मावसबहीण गोव्याला येणार होती, शनिवार-रविवार धरून, आणि तिचा एकच प्रश्न होता की ताई, खायच्या वस्तू आणि हातानं केलेल्या वस्तू दोन्ही एका ठिकाणी कुठल्या बाजारात मिळतील. तिला सांगितलं तेच इथे लिहितेय. शुक्रवारची एक रजा टाका आणि म्हापशाला जा. शनिवार-रविवारच हातात असेल तर हडफडे, म्हणजे बोर्डांवर आरपोरा लिहिलेलं असतं ते, तिथलं शनिवारचं नाईट मार्केट आहे, पण ते वेगळ्या कारणासाठी. हणजुणेचा बाजार बुधवारचा असतो, त्यामुळे वीकेंडवाल्यांनी तो सोडूनच द्या.

मी ताळगावला राहते, लग्न होऊन आले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि म्हापसा मला सासूबाईंनी दाखवला. पणजीहून कदंबाची, म्हणजे सरकारी बसची, शटल पकडायची, १३-१४ किलोमीटर आहे, स्टँडवरून चालत पाच-सात मिनिटांत बाजार. आठच्या आत पोचलात तर उत्तम, अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही नकोसं होतं आणि चांगला माल तोवर उठलेला असतो. बाजार इतर दिवशीही भरतो, पण शुक्रवारी बार्देशातल्या आणि पेडण्यातल्या गावांतून बायका आपापल्या परसातलं घेऊन येतात, आपल्या बांद्या-सावंतवाडीकडूनही लोक येतात, आणि फरक पडतो तो त्यामुळेच.

आता घ्यायचं काय. सुक्या मासळीच्या रांगेत मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. गालमो म्हणजे आपला जवळा, तो चिमटीत घेऊन चोळायचा, कोरडा असेल तर कुरकुरतो आणि सुटा पडतो, बोटांना चिकटला तर ओल राहिलीय, वजनाला जास्त भरतो आणि घरी आठवड्यात बुरशी येते. तळहातावर घेऊन फुंकर मारली की रेती आहे का तेही कळतं. विकणारी बाई यात काही वाईट वाटून घेत नाही, उलट तुम्हाला कळतंय म्हटल्यावर ती मागचं पोतं उघडते. भाजलेल्या जवळ्यात ओलं खोबरं, कांदा, थोडी चिंच घालून किसमूर करायचं, भात-आमटीबरोबर दुसरं काही लागत नाही.

मिरची घेताना नाव विचारून घ्या. हरमलची वेगळी, काणकोणातल्या खोला गावची वेगळी, दोन्हींना जीआय टॅग, म्हणजे त्या-त्या भागाचीच वस्तू अशी सरकारी नोंद, मिळालाय, त्यामुळे नुसती लाल मिरचीसुद्धा त्या नावानं गळ्यात मारणारे असतात, म्हणून मी ओळखीच्या बाईकडूनच घेते. मयड्याची केळी मात्र फसवणं कठीण, ती एवढी मोठी आणि जाड सालीची असतात की लांबूनच कळतात, आणि गावही म्हापशाच्या शेजारचंच. शिवाय तिरफळं, सोलं, चिंचेचे गोळे, आणि माडाचा गूळ. हा गूळ काळा, सुळक्यासारखा निमुळता, जिभेवर किंचित खारट लागतो. खारटपणा अजिबात नसेल तर मी घेत नाही. ज्यांना डुकराचं मांस चालतं त्यांनी चौरीस, म्हणजे गोव्याचे मसालेदार सॉसेज, बघावेत, दोऱ्याला ओवलेल्या माळाच्या माळा टांगलेल्या असतात, आमच्या शेजारीण बाई बारक्या मण्यांचेच घेतात आणि तेल न घालता कांद्याबरोबर शिजवून पोयात, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावात, भरून देतात.

मे महिन्यात आलात तर नशीबवान आहात. तेव्हा पुरुमेंताची खरेदी चालू असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. जून-जुलैत ट्रॉलरची मासेमारी बंद, पाऊस कोसळत असतो, म्हणून घरोघर सुकी मासळी, मिरची, सोलं भरून ठेवतात. त्या दिवसांत बाजाराला जो वास असतो ना, तो मी माहेरी चिपळूणला गेले तरी मला आठवतो.

हडफड्याचं नाईट मार्केट सीझनमध्येच असतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, निघायच्या आधी चालू आहे का ते विचारून घ्या. संध्याकाळी सुरू होऊन मध्यरात्र उलटेपर्यंत चालतं. लाइव्ह म्युझिक, दिव्यांच्या माळा, देशोदेशीचं खाणं, तरुण मुलांना घेऊन गेलात तर त्यांना फार आवडतं, माझ्या भाच्यांना तर तिथून उठवावं लागलं. पण गोव्याची वस्तू म्हणून तिथे घ्यायला जाल तर फार कमी आहे. काश्मिरी शाली, राजस्थानी चादरी, तिबेटी दागिने, लमाणी बायकांचं भरतकाम, यातलं काही वाईट नाही, लमाणी काम तर मला मनापासून आवडतं, फक्त ते गोव्याचं नाही. आणि भाव पहिल्यांदा सांगतात त्यावर जाऊ नका. किनाऱ्यावरच्या अशाच एका बाजारात मी एका स्टॉलवरून चांदीची म्हणून अंगठी घेतली, ती पंधरा दिवसांत हिरवी पडली, बोटसुद्धा हिरवं झालं. तेव्हापासून चांदी मी सराफाकडेच घेते. पार्किंग आणि रस्त्यावरचा जॅम हा तर वेगळाच त्रास, नऊच्या आत पोचा नाहीतर गाडीतच तास जातो.

हातानं केलेल्या वस्तूंसाठीही मला म्हापसाच बरा वाटतो. बांबूची सुपं, रोवळ्या, हिराच्या केरसुण्या, आणि मातीची भांडी. बहिणीला मातीचं कुंडलं, म्हणजे कालवण करायचं भांडं, हवं होतं, त्यात हुमण, म्हणजे माशाचं कालवण, केलं की दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. भांडं घेताना बोटानं टिचकी मारायची, खणखणीत आवाज यायला हवा, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. घरी आणून एक रात्र पाण्यात बुडवून ठेवायचं आणि मग पहिल्यांदा त्यात पेज उकळायची, त्याशिवाय आमटी चढवू नका, भांडं तडकतं.

तिला हव्या त्या मापाचं त्या दिवशी नव्हतं. भांडी विकणाऱ्या मावशींनी हातानं माप घेतलं, वितीनं, आणि म्हणाल्या, "फुडल्या शुक्राराक हाडटां गो बाय," म्हणजे पुढच्या शुक्रवारी आणते. ना फोन नंबर घेतला, ना आगाऊ पैसे. बहीण रविवारी परत गेली. पुढच्या शुक्रवारी मी गेले तर कुंडलं गवतात गुंडाळून त्यांच्या टोपलीत तळाशी ठेवलेलं होतं, आणि बरोब्बर तेवढ्याच मापाचं.