जीआय पत्र्यावरचा गंज आणि रंग : जुन्या जीपचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या जुन्या महिंद्रा जीपचा मागचा फ्लोअर आणि हुडाची चौकट आधीच्या मालकाने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा व जीआय पाइप वापरून नव्याने बनवून घेतली होती. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेचा विचार करता तो निर्णय योग्यच होता. परंतु त्यावरचा रंग दर पावसाळ्यानंतर पापुद्रे धरून सुटत असे. गेल्या उन्हाळ्यात गाडी पूर्ण रंगवताना या भागांवर वेगळी प्रक्रिया करून घेतली. त्यानंतर अख्खा पावसाळा गाडी रोजच्या कामाला वापरली आहे.

रंग सुटण्याचे मूळ प्रायमरमध्ये होते. नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमर बहुधा अल्किडचा, म्हणजे तेलयुक्त राळेचा असतो. त्यातील तेलाची दमट हवेत जस्ताशी अभिक्रिया होऊन साबणासारखा पातळ थर तयार होतो आणि रंगाची पकड जाते. नखाने उचललेल्या पापुद्र्याखाली स्वच्छ करडे जस्त दिसत होते, म्हणजे तिथे गंज नव्हताच. गंज जिथे होता तिथेही तो दोन प्रकारचा होता. पांढरी भुकटी हा जस्ताचा स्वतःचा गंज असतो, आणि तिच्याखाली बहुतेक वेळा मुलामा शिल्लक असतो. तांबडा डाग दिसला, तर तिथले जस्त संपून लोखंड उघडे पडले आहे असे समजावे. या दोहोंना एकच उपाय करणे मला सर्वथा चुकीचे वाटते.

१२० जीएसएमच्या (दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेल्या) पत्र्यावर एका बाजूला जस्ताचा थर जेमतेम ८ ते ९ मायक्रॉन असतो; ग्राइंडर फिरवला की तो क्षणात जातो. म्हणून पांढरी भुकटी साबणाच्या पाण्यात थोडा अमोनिया घालून नायलॉनच्या घासणीने काढली आणि पत्रा भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवला. तारेचा ब्रश व पॉलिश पेपर फक्त तांबड्या डागांवर चालवला. फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक सरसकट फासण्याचा आग्रह पेंटरने धरला होता. तो मी मानला नाही, कारण ते आम्ल उरलेले जस्तही खाते.

वेल्डिंगच्या जागांचा प्रश्न निराळा आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे सांध्याभोवतीचा मुलामा जळून जातो, आणि तो धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग उघड्यावर आणि योग्य मास्क लावूनच करावे. सांधे घासून चकचकीत केल्यावर त्यांवर भरपूर जस्त असलेला कोल्ड गॅल्व्हनायझिंगचा रंग थेट लोखंडावर लावला. त्यातील जस्ताचे कण लोखंडाला भिडले तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतात, म्हणून त्याच्याखाली प्रायमर चालत नाही. नंतर सर्व भागांवर झिंक फॉस्फेटयुक्त दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला.

फ्लोअरचा निकाल माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आहे. पोती व सिलिंडर ओढल्याने वरचा रंग ओरखडला आहे, पण ओरखड्यांच्या कडेने रंग उचललेला नाही. नखाने खरवडून पाहिले तरी पापुद्रा निघत नाही. वेल्डिंगचे सांधेही कोरडे व स्वच्छ आहेत. चौकटीचे पाय ज्या खोबणीत बसतात तिथे मात्र तांबडी रेघ उमटली आहे. वेल्डिंगच्या वेळी पाइपाच्या आतलाही मुलामा जळतो, तिथे ब्रश पोहोचत नाही आणि खोबणीत पाणी साचून राहते. इतक्या महाग इपॉक्सीचा तिथे काही उपयोग झाला नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

इपॉक्सी प्रायमर रेड ऑक्साइडपेक्षा बराच महाग आहे, आणि एकदा मिसळला की ठरावीक वेळेत संपवावा लागतो. त्यामुळे सर्व भाग तयार असल्याशिवाय डबा फोडू नये. तरीही जीआय भागांसाठी मी पुन्हा हाच घेईन. खोबणीच्या तळाला आता पाणी निघून जाण्यासाठी भोक पाडले आहे, भोकाची कड जस्ताच्या रंगाने झाकली आहे आणि पाइपात आतून मेणयुक्त गंजरोधक फवारले आहे. नव्याने चौकट बनवणाऱ्यांनी हे भोक रंगकामापूर्वीच पाडून घ्यावे.