पहिली खरेदी कोणती: अडकित्ता, लाकडी बैल की चित्रकथी?

जुन्या लोककलेच्या वस्तू जमवायला निघालेला माणूस दुकानात शिरताच विचारतो, "किती जुनी आहे?" उत्तर ठरलेलंच असतं: "आजोबांच्या वेळची." त्यापेक्षा वस्तू कशाची आहे, तिचं वय आपल्याला स्वतःला ओळखता येईल का आणि आपल्या घरात ती चार पावसाळे काढेल का, हे आधी बघा. धातू, लाकूड आणि कागद या तिघांचे स्वभाव पार वेगळे आहेत.

नवख्यासाठी माझं मत धातूला, त्यातही अडकित्त्याला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे निवांत बघून या, मगच जुन्या बाजारात जा (तो बुधवारी आणि रविवारी भरतो). अडकित्ता हे वापराचं हत्यार, त्यामुळे त्याचं वय त्याच्या अंगावर वाचता येतं. बोटं जिथे टेकतात तिथलं पितळ गुळगुळीत झालेलं असतं, खाचांत मात्र नक्षी शाबूत राहते. पातं धार लावून लावून अरुंद होतं आणि खिळीशी थोडी ढिलाई येते. सगळीकडे सारखीच झीज आणि सारखाच काळपटपणा दिसला, तर माल नवा समजा. जुन्या वस्तूवरून साचा काढून ओतलेली नक्कलही ओळखू येते. तिच्यावर मोराच्या पिसाऱ्यातल्या रेघा बोथट होतात, साबण विरघळल्यासारख्या. घरी आणल्यावर चिंच किंवा मीठ-लिंबू लावून चकाकी काढू नका. शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत जातो, आणि मिठाचा अंश सांध्यात राहिला तर पुढे हिरवी भुकटी धरते. कोरडं मऊ फडकं पुरे.

धातूतच देवघरातले टाक येतात. अभिषेकाने नाकडोळे पुसट झालेला घोड्यावरचा खंडोबा फार सुंदर दिसतो, पण मी घेत नाही. झिजलेला टाक घरातले लोक नदीत सोडतात किंवा मोडून नवा करून घेतात. मग हा बाजारात कसा आला, हा प्रश्न मला सुटत नाही. तुम्हाला सुटला तर घ्या.

लाकडात जीव लवकर अडकतो. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात ते चाकांवरचे लाकडी बैल, सावंतवाडीची पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी, पाडलेल्या वाड्यांच्या दारावरची गणपती कोरलेली गणेशपट्टी. बैलाची चाकं आणि पोटाखालची बाजू आधी बघा. पाठीवर नव्या रंगाचे थर चढवणं सोपं असतं, झिजलेला आस बनवणं अवघड. किडीचं मात्र विसरू नका. माझा पहिला बैल कपाटात ठेवल्यावर आठवड्याने त्याच्याखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला, आणि विकणाऱ्याने छिद्रं मेणाने बुजवली होती हे तेव्हा कळलं. म्हणून नवीन लाकडी वस्तू महिनाभर काळ्या कागदावर, बाकीच्यांपासून दूर ठेवा. भुसा पडला तर काळ्यावर लगेच दिसतो. गणेशपट्टीचा मोह होईल, पण फ्लॅटमध्ये ती लावणार कुठे, हे दुकानातच ठरवा.

कागद सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात नाजूक. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गात सांगायची कथा. एका कथेची चित्रं एका पोथीत असतात. दुकानात एखादं सुटं पान दिसतं तेव्हा कुणीतरी पोथी फोडलेली असते, कथा अर्धी झालेली असते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं तेच. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं असतात. पाच सुटी पानं भिंतीवर छान दिसतात, पण त्यांना संच म्हणता येत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत बुरशी आणि कसर दोन्ही येतात. लॅमिनेशन तर अजिबात नको. चौकटीची काच चित्राला टेकू देऊ नका आणि चित्रावर ऊन पडू देऊ नका. एवढं जमणार नसेल तर पिंगुळीला जाऊन आजच्या कलावंताकडून नवं चित्र घ्या. पैसे योग्य हातात जातात आणि वयाचा वादच उरत नाही.

कागदावरची शंभर वर्षांची वारली कुणी दाखवली तर हसून पुढे जा. ही चित्रं लग्नात कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. कागदावर ती सर्रास येऊ लागली १९७०च्या दशकात, जिव्या सोमा मशे यांच्या पिढीत.

शंभर वर्षांपलीकडच्या वस्तूला १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होतो. धातूच्या, लाकडाच्या मूर्ती-शिल्पांची आणि चित्रांची नोंद पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. हस्तिदंताचा तुकडा जडवलेलं काहीही घेऊ नका, तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो. अमेरिकेतल्या भाचीला समई द्यायची असेल आणि ती दिसायला जुनी असेल, तर पुरावस्तू नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला तिकिटाच्या बराच आधी काढा, नाहीतर समई विमानतळावरच अडकायची.